व्हॉट्सॲप बिझनेस: ॲप फुकट आहे, पण नंबर संस्थेचा हवा

गावचं वाचनालय, महिला मंडळ, व्यसनमुक्तीचं काम करणारे गट, पुराच्या दिवसांत धावून जाणारी मंडळं... सातारा-सांगलीकडच्या अशा लहान संस्थांना वेबसाइट सांभाळायला माणूस मिळत नाही, आणि त्यांची माणसं तर व्हॉट्सॲपवरच असतात. त्यामुळे दुकानं-संस्थांसाठी २०१८ पासून मोफत मिळणारं वेगळं ॲप, व्हॉट्सॲप बिझनेस, त्यांनी जरूर घ्यावं. ॲप सोपं आहे. गाडी अडते ती संस्थेच्या सवयींपाशी: प्रत्येक ओळ अध्यक्षांना दाखवल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि नंबर मात्र सचिवांच्या खिशातल्या मोबाइलचा असतो.

आधी नंबराचं बघा. हे ॲप लँडलाइनवरही चालू होतं. सातारचा ०२१६२ किंवा सांगलीचा ०२३३ वाला कार्यालयाचा फोन असेल, तर पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय निवडायचा. कोड फोनवर ऐकू येतो. लोकांकडे तो नंबर आधीपासून असतो, हा मोठा फायदा. सिमच घ्यायचं तर संस्थेच्या नावावर घ्या आणि रिचार्ज चुकू देऊ नका, कारण बरेच दिवस बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा, म्हणजे नंबर नव्या फोनवर चालू करताना विचारला जाणारा सहा आकडी पिन दोघांकडे ठेवा, रिकव्हरी ईमेल संस्थेचा द्या.

मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे कार्यालयातला संगणक आणि दोन-तीन कार्यकर्ते एकाच नंबरावरून उत्तरं देऊ शकतात. मुख्य फोन चौदा दिवस उघडला नाही, तर बाकीची उपकरणं आपोआप बाहेर पडतात. मे महिन्याच्या सुट्टीत हमखास असं होतं. साध्या मोफत ॲपमध्ये उत्तर कोणी दिलं हे दिसत नाही. यावर उपाय एकच, प्रत्येकाने शेवटी आपलं आद्याक्षर टाकायचं.

खरी उपयोगाची सोय म्हणजे क्विक रिप्लाय. तिरकी रेघ (/) आणि एक आखूड शब्द टाकला की अख्खं उत्तर समोर येतं. अशी पन्नास उत्तरं साठवता येतात. वाचनालयाची वेळ, वर्गणी, देणगीची पावती, शिबिराला येताना काय आणायचं, ही दहा-बारा उत्तरं कार्यकारिणीने एका बैठकीत वाचून मंजूर करावीत. त्यानंतर कार्यालयातल्या ताईंनी ती कोणालाही न विचारता पाठवावीत. तक्रार, पैसा आणि राजकारण यांना हात लावणारा मजकूर तेवढा दुसऱ्या एकाने वाचायचा. परवानगीची वाट बघत दोन दिवस उत्तर अडकलं, तर विचारणारा पुन्हा विचारत नाही.

एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. सभासद नोंदवहीतले सगळे नंबर घेऊन धडाधड मेसेज सोडले, तर लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात आणि शेवटी नंबरच बंद होतो. आधी पावतीवर ‘हा नंबर सेव्ह करा’ असं छापा. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, म्हणून व्यसनमुक्तीच्या किंवा एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या कामात सरसकट ग्रुप नकोच. व्हॉट्सॲपच्या चॅनलमध्ये, म्हणजे एकतर्फी सूचना देण्याच्या सोयीत, फॉलोअरचा नंबर इतर फॉलोअरना दिसत नाही. जाहीर सूचनांना तो बरा. पण चॅनलवर संवाद होत नाही, त्यामुळे प्रश्नांसाठी मुख्य नंबर खाली द्यावाच लागतो.

सांगलीच्या संस्थांनी पावसाळ्यापूर्वी पुराच्या पोस्टचा साचा तयार ठेवावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांचे फोटो, व्हिडिओ पुन्हा फिरायला लागले की लोक घाबरतात. कृष्णेची पातळी सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजतात, म्हणून साचा असा: ‘आयर्विन पूल, आज सकाळी ८ वाजता पाणी अमुक फूट. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. माहिती: जिल्हा प्रशासन. पुढची माहिती ११ वाजता.’ तारीख मजकुरात आणि फोटोवरही लिहायची, कारण फॉरवर्ड होताना फोटो एकटाच पुढे जातो. अकरा वाजता नवीन आकडा नसला, तरी ‘अजून आकडा आलेला नाही’ एवढं टाकाच. गप्प राहिलात की अफवेला जागा मिळते.

फोटोंच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. मदतीचं किट घेणाऱ्या बाईचा चेहरा देणगीदाराला दाखवायची गरज नसते. किटमध्ये काय आहे, किती घरांना गेलं, एवढं दाखवा. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बालगृहासाठी काम करणाऱ्यांनी हे कार्यालयाच्या भिंतीवर लावावं. देणगीचा क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा, आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, देणगीवरच्या आयकर सवलतीला २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, हे त्याच पोस्टमध्ये लिहा.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो उत्तर देणाऱ्याची नोंद राहत नाही म्हणून. कार्यकारिणी बदलली की दप्तर आणि शिक्क्याबरोबर पिनही नव्या सचिवांच्या हाती द्या, तो त्याच दिवशी बदला आणि जुनी जोडलेली उपकरणं काढून टाका.