साड्या विकायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरतं का? आमचा रिव्ह्यू

मी आणि माझी जाऊबाई घरून खण, इरकल आणि सेमी पैठण्या विकतो, दुकान नाही, वेबसाइट नाही, जे काय आहे ते व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस आणि इन्स्टाग्रामवर. नवीन सुरू करणाऱ्या बऱ्याच जणी विचारतात की हे फुकटचं अ‍ॅप पुरतं का की पैसे भरून काही घ्यावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुरतं. पण इन्स्टावर जेवढा जीव लावतो ना आपण तेवढा इकडे लावला तर पुरतं, कारण इन्स्टा म्हणजे शोकेस आणि व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे गल्ला, आणि सगळ्या जणी शोकेसच पुसत बसतात.

आधी नंबरचं बघा. साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेसवालं, दोन्ही एकाच नंबरवर चालत नाहीत, पण दोन नंबर असतील तर एकाच फोनमध्ये दोन्ही अ‍ॅप मजेत राहतात. वेगळं सिमच घ्या, नाहीतर भिशीच्या ग्रुपमधले गुड मॉर्निंग आणि ऑर्डरी एकाच ठिकाणी येतात आणि रात्री साडेअकराला "ताई जागी आहेस का" हे नक्की कोण विचारतंय तेच कळत नाही.

कॅटलॉग हे या अ‍ॅपमधलं सगळ्यात कामाचं, २०१९ पासून आहे तरी कित्येक जणी वापरतच नाहीत, गॅलरीतून चाळीस फोटो ढकलतात आणि मग गिऱ्हाईक त्यातल्या एकावर लाल गोल काढून परत पाठवतं, तोवर ती साडी गेलेली असते. कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू टाकता येतात, प्रत्येकीला किंमत, माहिती, कोड. गिऱ्हाईक हवं ते कार्टमध्ये टाकून एकाच मेसेजमध्ये पाठवतं. उणीव एक मोठी आहे, स्टॉक मोजणं यात नाही. आमच्यासारख्यांकडे एका रंगाचा एकच पीस असतो, तो विकला की आठवणीनं हातानं लपवायचा, नाहीतर तीच साडी दोघींना हवी आणि मग बसा समजावत. म्हणून आम्ही पैसे आले की पहिलं काम ते करतो, पॅकिंग नंतर.

माहितीत रंग नीट लिहा, हे मी हात जोडून सांगते. आंबा, राणी, वांगी, मोतिया चालून जातं, पण चिंतामणी म्हणजे नक्की कुठला निळा यावर आमच्या घरातसुद्धा एकमत नाही, आणि ट्यूबलाइटखाली काढलेला रामा रंग फोटोत सरळ मोरपंखी दिसतो. खिडकीजवळ दिवसा उजेडात फोटो, फिल्टर नाही, पदर आणि काठाचा एक जवळून, आणि उलट्या बाजूचा एक, कारण जाणत्या बायका पैठणी उलटी करूनच बघतात. सेमी (म्हणजे शुद्ध रेशमाची नसलेली) असेल तर सेमी लिहा, पॉवरलूम (यंत्रमागावरची) असेल तर पॉवरलूम. त्यानं गिऱ्हाईक जात नाही, उलट जे प्रश्न नंतर येणार ते येतच नाहीत.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवण्याबद्दल, लोकांचा फार गैरसमज आहे. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि त्यातही ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. स्टेटसचंही तेच, त्यांच्याकडे आपला नंबर हवा आणि आपल्याकडे त्यांचा. त्यामुळे पहिली ऑर्डर आली की "नंबर या नावानं सेव्ह करून ठेवा, नवीन माल स्टेटसला येतो" हे आम्ही प्रत्येकीला सांगतो, क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे तयार उत्तरांत ठेवलंय, तिरकी रेघ (/) मारली की समोर येतं. पत्ता पिनकोडसकट पाठवा, कुरिअरचे इतके, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, ही वाक्यं पण तशीच ठेवलीत, बोटं वाचतात. कुठून तरी मिळवलेल्या नंबरांना मेसेज टाकू नका, लोक रिपोर्ट करतात आणि नंबर बंद होऊ शकतो, मग कॅटलॉग घेऊन कुठे जाणार.

चॅटना लावायची लेबलं जरूर वापरा. नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी, पेमेंट आलं, अशी तयारच मिळतात, रंगीत असतात, आम्ही "पार्सल गेलं" हे एक वाढवलं. पेमेंटचं लेबल मात्र स्क्रीनशॉट बघून बदलायचं नाही, खोटे स्क्रीनशॉट बनवणारे भरपूर आहेत, बँकेत पैसे दिसले तरच.

आता इन्स्टा. २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं आणि लगेच पुढच्या महिन्यात भारतात रील्स आले, तेव्हापासून अनोळखी माणूस आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः रीलमधूनच, हे खरं आहे. साडी झटकून उलगडताना काठ चमकतो ना, त्या तीन सेकंदांवर लोक थांबतात, मागे गाणं कुठलं आहे याला फार अर्थ नाही. पण कमेंटमध्ये "प्राइस?" आणि खाली "डीएम केलंय ताई" हा खेळ कशाला? किंमत लिहा सरळ. कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपची लिंक बायोत. आणि फॉलोअर वाढवून देणाऱ्यांपासून लांब राहा, माझ्या मैत्रिणीनं एका एजन्सीला पेज चालवायला दिलं होतं, आकडा धडाधड वाढला, पण त्यातल्या कुणालाच मराठी येत नव्हतं आणि नऊवारी त्यांना विकणार कशी. जाहिरात करायचीच तर स्वतः बूस्ट करा, थोड्या पैशात, फक्त आपल्या भागातल्या बायकांना दिसेल अशी, आणि बजेट ठरवताना वरचा १८ टक्के जीएसटी धरा.

वेळ साधणं मात्र अ‍ॅप शिकवत नाही. संक्रांतीच्या काळ्या साड्या डिसेंबरातच दिसायला हव्यात, आणि नवरात्रीचे नऊ रंग जाहीर झाले की त्याच दिवशी त्या क्रमानं स्टेटस लावायचं, कारण पुढे ब्लाउज शिवायला टेलरला वेळ द्यावा लागतो आणि टेलर काय आपल्या हातात नसतो.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार, एक स्टॉकसाठी कापला. पैसे भरून मिळणारी निळी टिक घ्यायची का असं विचारतात, आम्ही घेतलेली नाही आणि आजवर एकाही गिऱ्हाइकानं ती विचारलेली नाही, त्या विचारतात ते फॉल-पिको करून देता का एवढंच.