बीटी पावडर, पाच महिन्यांनंतर: औषध पास, गाळणी नापास

पंप भरला, दोन ओळी झाल्या आणि नोझलमधून धारेऐवजी थेंब पडायला लागले. पाच महिन्यांत हे इतक्या वेळा झालं की आधी त्याबद्दलच लिहितो, अळ्यांचं नंतर.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, अळ्या मारणारा जिवाणू. मी वापरली ती कुर्स्टाकी जातीची पाण्यात मिसळायची पावडर, कोबीवर्गीय पिकावर. पावडर थेट टाकीत ओतली की वरवर भिजते, आत कोरडीच राहते आणि वाटाण्याएवढ्या गुठळ्या होतात. त्या नोझलच्या बारीक जाळीत जाऊन बसतात. वर पाठीवरच्या पंपात ढवळणी नसते, त्यामुळे जे विरघळल्यासारखं दिसतं तेही दहा मिनिटांत तळाला जातं. मुळात ते विरघळलेलं नसतंच. बीजाणू, प्रथिनांचे स्फटिक आणि वाहक पावडर पाण्यात नुसती तरंगत असतात. म्हणजे पहिल्या ओळीला घट्ट औषध आणि शेवटच्या ओळीला जवळपास पाणीच, किंवा उलट.

यावर जमलेला उपाय असा. 15 लिटरच्या पंपाला, लिटरला 1 ग्रॅम धरून, 15 ग्रॅम पावडर (मात्रा लेबलवरचीच धरा). ती मगात थोड्या पाण्यात कालवायची, गुठळ्या बोटांनी चिरडायच्या आणि पाच-दहा मिनिटं मुरू द्यायची. मग सुती कापडातून गाळून अर्ध्या भरलेल्या टाकीत ओतायची, वरून उरलेलं पाणी, आणि स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) सगळ्यात शेवटी. स्टिकर आधी घातला तर पाणी भरताना फेसच फेस. नोझलमधली जाळी 50 मेशची किंवा त्याहून जाड हवी (मेशचा आकडा जितका मोठा, तितकी भोकं बारीक). 100 मेशची असेल तर काढून टाका. फवारताना दर ओळीच्या टोकाला पंप एकदा हलवायचा. इतकं सगळं पुड्यावर एका ओळीत छापायला काय जात होतं? पुड्यावर मोठ्या अक्षरांत काय आहे, तर 'सेंद्रिय'.

आता औषधाबद्दल. पहिल्या फवारणीनंतरचं मत होतं: फसवणूक. दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या पानावर जशाच्या तशा. ते मत मागे घेतो, चूक मोजणीत होती. बीटी अंगाला लागून मारत नाही, अळीच्या खाण्यात जावी लागते. अळीच्या मधल्या आतड्यात रस अल्कलीधर्मी असतो, त्यात स्फटिक विरघळतो, तिथली पाचकं प्रथिनाला कातरून कामाला लावतात आणि ते आतड्याच्या पेशींना चिकटून भोकं पाडतं. खाणं काही तासांत थांबतं. मरायला दोन-तीन दिवस, कधी जास्तही. म्हणून मेलेल्या अळ्या मोजू नका, लेंड्या बघा. फवारणीआधी एका पानावरच्या लेंड्या पुसून टाका. दुसऱ्या दिवशी ओली हिरवी लेंडी दिसली नाही, तर अळी पानावर असली तरी पीक वाचलं. तिसऱ्या दिवशी तीच अळी मऊ, काळपट होऊन लोंबताना दिसते.

अळी लहान असतानाच मारा. पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत ही पावडर चोख काम करते. बोटभर झालेली अळी थोडं खाऊन गप्प बसते आणि कधीकधी सावरते. वेळ संध्याकाळची. उन्हातली अतिनील किरणं हे प्रथिन मोडतात, सकाळी मारलेलं औषध दुपारपर्यंत वाया जायला लागतं. संध्याकाळी मारलं तरी दोन-चार दिवसांच्या पुढे भरवसा नाही, म्हणून अंडी फुटत असतील तर आठवड्याच्या आत दुसरा हात हवाच. पानाच्या मागची बाजू भिजली नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

पाण्याचा सामू (पीएच) 8 च्या वर असेल तर आधी सायट्रिक ॲसिडने 6-7 वर आणा, पावडर नंतर. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) कधीही मिसळू नका. काटकसर म्हणून उरलेलं द्रावण झाकून ठेवण्याचा मोह मलाही होतो. पण कालवलेलं 12 तासांत संपवलेलं बरं. त्यापेक्षा कमीच कालवा.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना काहीही होत नाही. रस शोषणाऱ्यांच्या पोटात हे जातच नाही. डासांच्या अळ्यांसाठी वेगळी इस्रायलेन्सिस जात आहे, ती कोबीवर मारून उपयोग नाही. तुतीच्या जवळ मात्र चुकूनही नको: 1901 मध्ये जपानात इशिवाता यांना हा जिवाणू सापडला तोच मेलेल्या रेशीमकिड्यांत. आणि दर वेळी हीच पावडर मारत राहू नका. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने बीटीला शेतातच दाद देणं सोडल्याचं 1990 मध्ये हवाई बेटांवरून नोंदवलं गेलं. मी आता मध्ये बीटीच्याच ऐझावाई जातीची किंवा वेगळ्याच गटातल्या औषधाची फवारणी घेतो.

दोन पुड्यांची तुलना टक्क्यांवर करू नका, मिलिग्रॅममागे किती आययू (औषधाची ताकद मोजायचं एकक) ते बघा: 16,000 आणि 32,000 यांत दुपटीचा फरक आहे. हा आकडा शोधायला बहुतेक भिंग लागेल.

पुडा थंड, कोरड्या जागी, उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली नाही. उघडल्यावर तोंड घट्ट बांधा. ओल लागली की पावडरीचे खडे होतात, आणि मग पुन्हा तीच नोझलची जाळी.