चार आउटडोअर कॅमेरे, पाऊस आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव: आयपी६७ बॉडीला असतं, पिगटेलला नाही

डोम (घुमटाकार कव्हरचा) कॅमेरा मेला म्हणून हा अनुभव आत्ता लिहितोय. बॉडी उघडली तर आत कोरडी ठणठणीत. लेन्स स्वच्छ, सिलिका जेलची पुडी जशीच्या तशी, बोर्डवर ओलाव्याचा डागही नाही. गेलं ते पिगटेलच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागून निघणाऱ्या छोट्या केबलच्या, टोकाचं आरजे-४५ (नेटवर्क केबलचं) सॉकेट. त्यातल्या दोन पिना हिरव्या पडून निम्म्या झडल्या होत्या. सर्व्हिस सेंटरने फोटो पाहिला, ‘पाणी शिरले’ असा शेरा मारला आणि वॉरंटी नाकारली. खोक्यावर आयपी६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग) मोठ्या अक्षरांत छापलंय, आणि कनेक्टर वॉटरप्रूफ करायची जबाबदारी बसवणाऱ्याची हे मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बहुतेक सगळेच ब्रँड हेच करतात. कॅमेरा एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल एवढा बंद करायचा आणि त्याच्या मागे उघडं सॉकेट लोंबकळत सोडायचं, हे कोणाला पटतं तेच कळत नाही.

सेटअप असा: गेटकडे ६ मिमी लेन्सचा ४ मेगापिक्सेल बुलेट (नळकांड्यासारखा), दारावर २.८ मिमीचा ४ मेगापिक्सेल डोम, पार्किंगवर २.८ मिमीचा ८ मेगापिक्सेल टरेट (उघड्या गोळ्यासारखा) आणि मागच्या बाजूला बॅटरीवरचा वाय-फाय कॅमेरा. पहिले तीन पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज), एकाच एनव्हीआरला (रेकॉर्डरला).

आधी पिगटेलचं सांगून घेतो, कारण कॅमेरा निवडताना याकडे कोणी बघत नाही आणि सगळं इथेच बिघडतं. पीओईच्या तारांत ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो. जोडात थेंबभर पाणी गेलं की इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळायला लागतं. मोड बी ने (४-५ आणि ७-८ या जोड्यांवरून) पॉवर येत असेल तर ४ आणि ५ नंबरच्या पिना आधी जातात, म्हणजे निळी जोडी. मोड ए मध्ये पॉवर आणि डेटा त्याच तारांवर असल्यामुळे पिना झिजल्या की लिंकही तुटायला लागते. पाऊस थेट लागायलाच हवा असंही नाही. दिवसा तापलेल्या जोडातली हवा रात्री गार होऊन आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. दुसरी वाट केबलच्या आतून आहे: वर गच्चीवर कुठे जॅकेटला चीर पडली असेल तर पाणी जॅकेटच्या आतून उतरत थेट प्लगपर्यंत येतं, बाहेरून ग्लँड (जोडावरचं पाणीरोधक आवरण) कितीही आवळा.

लक्षणं ओळखता आली तर कॅमेरा वाचतो. दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडल्यावर बंद-चालू व्हायला लागला की शंभरातले नव्वद जण कॅमेराच खराब म्हणतात. खरं कारण असं की आयआर एलईडी (रात्रीचे इन्फ्रारेड दिवे) लागले की कॅमेऱ्याचा विजेचा खप जवळपास दुप्पट होतो, गंजलेल्या पिनेवर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीबूट होतो. तपासायला सोपं आहे. वेब पेजवरून आयआर बंद करून एक रात्र ठेवा. कॅमेरा टिकला तर दोष बहुधा पॉवरच्या वाटेत आहे, सेन्सरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये नाही. मग प्लग काढून भिंगाने पिना बघा. पिना ठीक असतील तर केबल तपासा: तारेवर ब्लेड ओढा, आतून चांदीसारखा रंग दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, म्हणजे सीसीए. लांब अंतरावर तिचा रोध जास्त असल्याने हेच लक्षण दिसतं. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल शुद्ध तांब्याचीच हवी, केबलमध्ये पैसे वाचवू नका.

जोड करायची पद्धत. खोक्यात प्लास्टिकची ग्लँड येते, ती फेकू नका. केबलवर आधी नट, मग रबरी बूच, मग ग्लँडची बॉडी सरकवायची आणि त्यानंतरच आरजे-४५ क्रिंप करायचा (पकडीने दाबून बसवायचा). बूट (प्लगवरचं रबरी टोपण) लावलेला तयार पॅचकॉर्ड ग्लँडमधून जात नाही, म्हणून बरेच जण ग्लँडच टाकून देतात. सॉकेटच्या कडेला रबरी रिंग बसली आहे ना हे बघा. ती बहुतेकदा छोट्या पिशवीत सुटी असते आणि पिशवी खोक्यातच राहून जाते. केबल गोल हवी, चपट्या केबलला रबरी बूच घट्ट धरत नाही. पिनांवर थोडं डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस, मग प्लग आत, बॉडी फिरवून बंद, आणि केबलभोवती रबर जरा फुगून बाहेर येईपर्यंत नट आवळा. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटणारी) टेप. ती दुप्पट लांब होईपर्यंत ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुंडाळायची, नुसती गुंडाळली तर एकजीव होत नाही. टेप खालून वर, कौलं चढवतात तशी. वर उन्हापासून संरक्षणाला साधी काळी पीव्हीसी टेप.

सिलिकॉन सीलंट भरायचा मोह होतो. उघडताना आंबट वास येणारा सीलंट अजिबात नको: तो वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतो आणि त्यानेच तांबं गंजतं. न्यूट्रल-क्युअर (ॲसिड न सोडणारा) घ्या, आणि तोही फक्त भिंत आणि बॉक्स यांच्यामधल्या फटीला, वरची बाजू आणि दोन्ही कडा. खालची बाजू मोकळी सोडा, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट हवी.

एवढं करूनही जोड उघड्यावर ठेवू नका. कॅमेऱ्यासोबत त्याच मापाचा जंक्शन बॉक्स घ्या. कॅमेरा निवडताना मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: या मॉडेलला जुळणारा बॉक्स मिळतो का, आणि पिगटेल ग्लँडसकट त्यात मावतं का? बरेच छोटे बॉक्स दिसायला सुबक असतात, पण ग्लँड लावल्यावर झाकण बसत नाही. बॉक्समध्ये केबल खालून घ्या, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल.

पिगटेल गेलं म्हणून कॅमेरा फेकायची गरज नाही. बऱ्याच मॉडेलांत ते आत बोर्डाला छोट्या प्लगने जोडलेलं असतं आणि सुटं मिळतं. फक्त एकदा बॉडीचं सील उघडलं की आयपी रेटिंग गेलं असं धरून चाला आणि तो कॅमेरा छपराखाली वापरा.

आता आकाराबद्दल. सुरुवातीला डोम सर्वांत चांगला वाटत होता: आयके१० म्हणजे २० ज्यूलचा आघात सोसतो, शिवाय कॅमेरा कुठे बघतोय ते चटकन कळत नाही. काही महिन्यांनी हे मत बदललं. रात्री डोमच्या कव्हरवर धूळ, दव, बोटाचा ठसा, काहीही असलं तरी आतल्या आयआरचा उजेड त्यावर परतून लेन्समध्ये येतो आणि चित्रावर धुरकट पडदा चढतो. लेन्सभोवतीची फोमची रिंग कव्हरला नीट टेकली नाही तर स्वच्छ कव्हरमधूनही हेच होतं. कव्हर लावताना रिंग दाबली जातेय का हे तपासा. टरेटमध्ये आयआर आणि लेन्स वेगळ्या काचांमागे असल्यामुळे हा त्रासच नाही. हात पोचेल अशा जागी आणि तोडफोडीची भीती असेल तरच डोम, बाकी सगळीकडे टरेट.

बुलेटचं छज्जा पुढे येणारं डिझाइन पावसात चांगलं, पण त्याखाली कोळी हमखास घर करतो. आयआरच्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्ससमोरचा एक धागा रात्री पांढऱ्या दोरीएवढा दिसतो. वाऱ्याने तो हलला की मोशन अलर्ट, आणि सकाळी शेकडो क्लिप. साधं मोशन डिटेक्शन बंद करून माणूस-वाहन ओळखणारं फिल्टर लावल्यावर अलर्ट थांबले, पण चित्र तसंच खराब. मऊ ब्रशने जाळं काढणं हाच उपाय. लेन्सवर किंवा डोमच्या पॉलिकार्बोनेट कव्हरवर कीटकनाशक फवारू नका, त्यातल्या सॉल्व्हंटने कव्हरला बारीक तडे जातात. कायमचा इलाज हवा असेल तर कॅमेऱ्याचा आयआर बंद करा आणि वेगळा इल्युमिनेटर (आयआर दिवा) मीटर-दोन मीटर अंतरावर लावा.

लेन्सचा हिशेब मेगापिक्सेलच्या आधी करा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखण्यासाठी आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत मीटरला २५० पिक्सेल धरले होते, ओळखीचा माणूस कळायला १२५. ४ मेगापिक्सेलची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे २५० च्या हिशेबाने फक्त १० मीटर रुंद दृश्य. २.८ मिमीची लेन्स साधारण १०५ अंश बघते, त्यामुळे चेहरा ४ मीटरपर्यंतच. ८ मेगापिक्सेल केलं तरी मर्यादा ६ मीटर. तेच ४ मेगापिक्सेल ६ मिमी लेन्सवर १० मीटरपर्यंत चेहरा देतात. गेटचा जुना बुलेट पार्किंगच्या नव्या ८ मेगापिक्सेलपेक्षा उपयोगी ठरतो तो यामुळेच. सगळीकडे २.८ मिमी बसवणारे इन्स्टॉलर ‘सगळं दिसतं’ म्हणतात. दिसतं खरं, पण कोण आहे ते कळत नाही.

उंचीही तेवढीच महत्त्वाची. २.७ मीटरवर लावलेला कॅमेरा ४ मीटरवरच्या चेहऱ्याकडे सुमारे १५ अंशांनी खाली बघतो, ४ मीटर उंचीवरून हाच कोन ३० च्या वर जातो आणि टोपीच्या कडेखालचा चेहरा दिसत नाही.

रात्रीसाठी सेन्सरचा आकार बघा. १/२.८ इंचाच्या सेन्सरवर ८ मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलला उजेड कमी मिळतो, १/१.८ इंचावरचे ४ मेगापिक्सेल अंधारात सरळ मात करतात. कमी उजेडात ऑटो शटर १/२५ सेकंदापर्यंत खाली उतरतो. चालणारा माणूस तेवढ्या वेळात साडेपाच सेंटिमीटर पुढे जातो, मीटरला २५० पिक्सेल असतील तर चेहरा १४ पिक्सेल फासला जातो. स्थिर चित्र छान उजळ दिसतं म्हणून डेमोत हे कधी कळत नाही. रात्रीचं शटर हाताने १/१०० वर बांधा. चित्र थोडं काळं आणि दाणेदार होईल, पण चेहरा सापडेल. चाचणी नेहमी चालत्या माणसावर घ्या.

पांढऱ्या एलईडीवर रात्रभर रंगीत चित्र देणारे कॅमेरे आधी नकोसे वाटत होते: किडे वाढतात, शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर उजेड जातो. पण एरवी आयआर आणि माणूस दिसला की पांढरा दिवा, असं दोन्ही देणारं मॉडेल वापरल्यावर मत पालटलं. कपड्यांचा आणि गाडीचा रंग कळतो, आणि अचानक दिवा लागला की बरेच जण तिथूनच परततात.

साठवणुकीचा हिशेब पटकन. ४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी घेतो, ८ एमबीपीएसचा ८६. दोन ४ मेगापिक्सेल (४ एमबीपीएसवर) आणि एक ८ मेगापिक्सेल (८ एमबीपीएसवर) मिळून १७३ जीबी रोजचे, म्हणजे ४ टीबी डिस्क साधारण २३ दिवस. डिस्क सर्व्हेलन्स ग्रेडचीच (चोवीस तास रेकॉर्डिंगसाठीची).

बॅटरीवाला कॅमेरा फक्त केबल नेणं अशक्य असेल तिथे. पीआयआर (अंगाची उष्णता टिपणारा सेन्सर) आडवं चालणाऱ्याला चांगला पकडतो, सरळ समोरून येणाऱ्याला उशिरा. जागं व्हायला वेळ लागतो तो वेगळाच, त्यामुळे क्लिपमध्ये बऱ्याचदा पाठ दिसते. वाटेला तिरका लावल्यावर निकाल सुधारला, पण थंडीत बॅटरी लवकर उतरते.

वेगळ्या कंपनीचा एनव्हीआर असेल तर ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं जुळवणारं मानक) प्रोफाइल टी बघून घ्या, एच.२६५ या व्हिडिओ कॉम्प्रेशनसाठी ते लागतं. एस प्रोफाइलवर विसंबू नका. काही कॅमेऱ्यांत ऑनव्हिफ मुळात बंद असतं आणि त्याचा युजर वेगळा बनवावा लागतो. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून कॅमेरा बाहेर इंटरनेटवर उघडू नका. २०१६ मध्ये मिराई बॉटनेटने (हॅक केलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) कारखान्यातले डीफॉल्ट पासवर्ड वापरूनच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. कॅमेऱ्यांचं इंटरनेट बंद केलं की त्यांची घड्याळं हळूहळू सरकतात, म्हणून एनव्हीआरलाच त्यांचा एनटीपी (वेळ पुरवणारा) सर्व्हर करा. आणि महिन्यातून एकदा रात्रीची एक क्लिप एक्सपोर्ट करून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा: वेळ बरोबर छापली जाते का, आणि फाइल कंपनीच्या प्लेअरशिवाय चालते का.