घेवडा दाट की विरळ, उघड्यावर की आच्छादनाखाली?

घेवड्यात (फरसबीत) किती अंतर ठेवायचं हे विचारलं की ३० बाय १०, ४५ बाय १५ सेंटिमीटर (आधी दोन ओळींमधलं, मग ओळीतल्या दोन झाडांमधलं) असे आकडे लगेच मिळतात. पण वाण झुडपी आहे की वेली, आणि पीक मोकळ्या रानात आहे की शेडनेट-पॉलिहाऊसमध्ये, हे ठरल्याशिवाय त्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग वाण, मग अंतर.

झुडपी घेवडा, मोकळं रान

४५ × १५ सेंटिमीटरवर हेक्टरी साधारण १ लाख ४८ हजार झाडं बसतात, ३० × १० वर ३ लाख ३३ हजार. एका दाण्याचं वजन ०.३ ग्रॅम धरलं, तर बियाणं पहिल्या ठिकाणी ४४ किलो लागतं, दुसऱ्या ठिकाणी १०० किलो. उगवण कमी धरून लागणारं जादा बियाणं वेगळंच. बियाणं सव्वादोनपट झालं म्हणून शेंगा सव्वादोनपट होत नाहीत. विरळ लावलेलं झाड फांद्या काढून मोकळी जागा भरतं. दाटीतलं झाड उंच होतं, फांद्या कमी धरतं आणि शेंगाही मोजक्याच देतं. त्यामुळे झाडं वाढवत गेलं तर क्षेत्राचं उत्पादन एका टप्प्यापर्यंत वाढतं, मग जागच्या जागी राहतं. विक्रीयोग्य माल तर त्याआधीच घटायला लागतो.

दाट लावणीची जमेची बाजूही खरी आहे. रान लवकर झाकतं, तणाला ऊन मिळत नाही, खुरपणी वाचते. उशिरा पेरणी झाली किंवा जमीन हलकी असली तर झाडं मुळातच लहान राहतात. तिथे विरळ लावणं म्हणजे ऊन मातीवर वाया घालवणं. यंत्राने एकाच वेळी काढणी असेल तरीही दाटी फायद्याची, कारण बहुतेक शेंगा मुख्य खोडावर येऊन एकदम तयार होतात.

पण हाताने तीन-चार तोडण्या घ्यायच्या असतील तर मी ४५ × १० च्या बाजूने आहे. ३० × १५ वरही झाडं तेवढीच बसतात, २ लाख २२ हजार, आणि कागदावर तीच मांडणी जास्त समान दिसते. फरक माणूस ओळीत शिरल्यावर कळतो. ३० सेंटिमीटरमध्ये पाय ठेवायला जागा नाही, कोळपं चालत नाही, आणि पहिल्या तोडणीतच फांद्या मोडतात.

दाटीचा खरा खर्च पानांखाली दिसतो. सकाळी दाट ओळीतली पानं बाजूला केली तर ऊन वर आलेलं असूनही आतली पानं ओली असतात, खालच्या शेंगा मातीला टेकलेल्या असतात, आणि थंड-दमट दिवसांत त्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी धरते. तांबेऱ्यालाही (पानांवर तांबूस पुळ्या आणणाऱ्या बुरशीलाही) हाच ओलावा हवा असतो. असा माल तोडावा लागतो, मजुरी द्यावी लागते, आणि प्रतवारीत तो बाहेर जातो.

वेली घेवडा

इथे गणित वेगळं आहे. आधाराचा खर्च झाडावर नाही, ओळीच्या लांबीवर ठरतो. दोन ओळींत १०० सेंटिमीटर ठेवले तर हेक्टरी १० हजार मीटर ओळ होते, ७५ वर १३,३०० मीटरच्या पुढे. म्हणजे काठ्या, तार, सुतळी सगळं एक तृतीयांशाने जास्त. त्यामुळे ओळी जवळ आणण्याआधी ओळीतलं अंतर ३० वरून २० करून पाहावं, त्यात फक्त बियाणं वाढतं. वेली वाणाची पहिली तोडणी उशिरा येते, पण तोडण्या जास्त मिळतात, शेंगा स्वच्छ राहतात आणि उभ्याने तोडता येतात.

उघडं रान की आच्छादन

दिवसा तापमान ३०–३२ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की घेवड्याची फुलगळ होते. कडक उन्हाळ्यात शेडनेट इथेच उपयोगी पडतं. तेच नेट ढगाळ हंगामात तसंच ठेवलं तर झाडं लांबट होतात आणि फुलं कमी लागतात. पॉलिहाऊस थंडीत कामाला येतं, कारण घेवड्याला दहिवर (गोठलेलं दव) अजिबात सोसत नाही. कीटकरोधक जाळीने मावा, पांढरी माशी बरीच थोपते, आणि साधा घेवडा स्वपरागी असल्यामुळे मधमाशा आत आल्या नाहीत तरी शेंगा धरतात.

आतले त्रास मात्र वेगळे. कोरड्या उबेत लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) झपाट्याने वाढतो. पाऊस लागत नसल्याने खतांचे क्षार मातीतच साठतात, आणि घेवडा याबाबतीत फार नाजूक: मातीच्या अर्काची क्षारता (माती तपासणीतली ईसी) १ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की प्रत्येक वाढत्या एककामागे उत्पादन सुमारे १९ टक्के घटतं. टोमॅटो-काकडीनंतर फेरपालट म्हणून घेवडा घेणाऱ्यांनी हेही पाहावं की मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म कृमी) त्यालाही सोडत नाहीत.

महागडी जागा म्हणून आत दाटी करण्याचा मोह होतो. आत हवा कमी खेळते, उजेडही कमी, म्हणून बाहेरच्यापेक्षा अंतर थोडं जास्तच हवं. आणि झुडपी वाण आत घेऊच नये. उंचीचे पैसे मोजायचे आणि गुडघाभर पीक घ्यायचं, हे परवडत नाही.

नफ्याचा हिशेब

खर्चाचे तीन भाग करा: क्षेत्रावरचा (मशागत, ठिबक, पॉलिहाऊसचा वार्षिक हप्ता), झाडावरचा (बियाणं) आणि किलोवरचा (तोडणी, प्रतवारी, भरणी). घेवड्यात तिसरा बहुधा सगळ्यांत मोठा असतो आणि तो उत्पादनाबरोबर वाढत जातो. त्यामुळे दाटीतून वाढलेला माल बारीक किंवा डागी निघाला तर उत्पादन वाढूनही हातात कमी पडतं. फक्त घेवड्यासाठी पॉलिहाऊस उभारू नका. आधीच उभं असेल, हंगामाबाहेर भाव ठरवून घेणारा गिऱ्हाईक असेल, तर वेली वाण लावा.

तरीही मन ठरत नसेल तर त्याच रानात चार ओळी एका अंतरावर, चार दुसऱ्या अंतरावर पेरा. प्रत्येक तोडणीला चांगला माल आणि फेकलेला माल वेगळा तोला, आणि तोडायला लागलेले तास त्याच वहीत शेजारी लिहा.