अ‍ॅप्लिकेशन रिव्ह्यू सर्व्हिस: मॉक कमिटी भारी, पर्सेंटेज फालतू

मुलीच्या अमेरिकेतल्या अ‍ॅडमिशनसाठी एक ऑनलाइन रिव्ह्यू सर्व्हिस घेतली होती, नाव देत नाही. त्यातलं मॉक कमिटी सेशन, म्हणजे कॉलेजच्या निवड समितीची रंगीत तालीम, मात्र खरंच घेण्यासारखं आहे. अर्ज वाचणारे दोन रीडर एकत्र बसतात, एक जण मार्क्स आणि शाळेचं प्रोफाइल बघतो, दुसरा निबंध न् शिफारसपत्रं, आणि बोलता बोलताच मत नोंदवतात. पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी हीच पद्धत वापरते, काही मिनिटांत एका मुलाची फाइल वाचून होते. ऐकून आधी रागच आला, मुलीने महिनाभर घासून लिहिलेले ६५० शब्द आणि वेळ एवढाच? पण २०२२ मध्ये कॉलेज सुरू करणाऱ्या बॅचसाठी हार्वर्डकडे ६१ हजारांवर अर्ज आले आणि घेतले दोन हजारांच्या आत, मग दुसरं काय करणार ते तरी.

निबंधाची सुरुवात आजीच्या आजारपणाची होती. रीडर दुसऱ्याच पॅराला थांबले न् म्हणाले, "आजी दिसली, तू कुठे आहेस?" पोरगी गप्पच झाली. त्याच रात्री तिने अख्खा निबंध नव्याने लिहिला आणि तो खरंच तिचा वाटतो.

तक्रार एकच, शेवटी "चान्स किती टक्के" असा आकडा देतात. तो कशाच्या जोरावर? त्या वर्षी कॉलेजला कोण हवंय, त्याच शाळेतून अजून किती अर्ज आलेत, हे बाहेरच्याला कळतच नाही. त्या आकड्यापायी आमच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. तो काढून टाका प्लीज. ४ स्टार.