फ्रिज-एसीला वेगवेगळे स्टॅबिलायझर की अख्ख्या घराला एक सर्व्हो?

दिवेलागणीला पंखा मंदावतो आणि मध्यरात्री रेग्युलेटरच्या त्याच आकड्यावर सुसाट सुटतो, अशा घरांसाठी हे लिहितोय. निफाड तालुक्यातली आमची वस्ती डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, लाइनीच्या शेवटच्या टोकाला आहे. चहूबाजूंनी द्राक्षबागा. शेतीपंपांच्या थ्री फेज विजेची पाळी सुरू झाली की शिवारातल्या मोटरा एकदम चालू होतात आणि घरातलं व्होल्टेज १६०-१७० वर येऊन बसतं. पाळी संपली की तेच २५० च्या पुढे. १९५६ च्या वीज नियमांत सहा टक्के वर-खाली एवढीच सूट दिलेली होती, म्हणजे २३० धरले तर साधारण २१६ ते २४४. टोकाच्या घराला हा पट्टा दिवसातून फार थोडा वेळ लाभतो.

दोन्ही प्रकार मी वापरलेत. आधी फ्रिजला, टीव्हीला, एसीला वेगवेगळे रिलेवाले डबे होते, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचनं (रिलेनं) व्होल्टेज सावरणारे छोटे स्टॅबिलायझर. आता मीटरच्या पुढे एकच सर्व्हो आहे, म्हणजे हेच काम छोट्या मोटरनं करणारा मोठा स्टॅबिलायझर.

पण दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलवा. शेजाऱ्याकडे व्होल्टेज ठीक आणि फक्त तुमच्याकडे एसी लागला की बसतंय, तर दोष बहुतेक सर्व्हिस वायरमध्ये किंवा ढिल्या जोडात असतो. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) ढिला असेल तर ते काम त्याच दिवशी करून घ्या. थ्री फेज लाइनीवर न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात व्होल्टेज ४०० कडे जाऊ शकतं. अशा वेळी चांगला स्टॅबिलायझर फार तर लाईट तोडतो, ते ४०० सावरत बसत नाही.

वेगवेगळ्या डब्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. खर्च एकदम अंगावर येत नाही. एक बिघडला तर तेवढंच उपकरण बंद पडतं. फ्रिजच्या डब्यात तीन मिनिटांचा टाइम डिले असतो, त्यामुळे लाईट जाऊन लगेच आली तरी कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. शिवाय झटका अचानक आला तर रिले सर्व्होपेक्षा चपळ, हे मान्य करायलाच हवं.

माझं मन उडालं ते एका गोष्टीवरून. रात्रीची टकटक.

एसीच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरला ठरावीक पायऱ्या असतात आणि रिले त्या बदलतो. आमचा एसी जुन्या पद्धतीचा, कॉम्प्रेसर पूर्ण जोरात लागणारा. तो लागला की लांबच्या वायरीमुळे व्होल्टेज थोडं बसायचं. टक, डबा एक पायरी वर. खोली गार झाली, कॉम्प्रेसर थांबला, व्होल्टेज वाढलं. टक, पायरी खाली. त्यात पुरवठा नेमका दोन पायऱ्यांच्या सीमेवर घुटमळत असला की कॉम्प्रेसर चालू असतानाही टक-टक, टक-टक सुरूच. डबा पलंगाच्या डोक्याशी, भिंतीवर. आईची झोप आधीच सावध. उन्हाळ्यात एसी लावायचा झोप लागावी म्हणून, आणि त्याच्याच डब्यानं ती मोडायची.

नुसत्या आवाजाचं असतं तर डबा बाहेरच्या भिंतीला लावून भागलं असतं. पण प्रत्येक टकसरशी रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि ते थोडेथोडे जळत जातात. आमच्या एका डब्याचा रिले शेवटी वरच्या पायरीवर चिकटला. चिकटलेला रिले मध्यरात्री चढलेलं व्होल्टेज आणखी चढवून पुढे पाठवतो. हाय कट, म्हणजे व्होल्टेज फार चढलं की लाईट तोडणारी सोय, शाबूत होता म्हणून एसी वाचला.

सर्व्होत पायऱ्या नसतात. छोटी मोटर कार्बन ब्रश गोल फिरवत ट्रान्सफॉर्मरवर हवी तिथे नेते. आवाज येतो, पण हलकी घरघर, तीही बाहेर ओट्यावरच्या सर्व्होच्या पेटीतून. आत काही ऐकू येत नाही.

खरा फरक मला जाणवला तो ज्यांना कुणी कधी डबा घेत नाही अशा वस्तूंत. पंखा, मिक्सर, टाकीवर पाणी चढवणारी हाफ एचपीची मोटर. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे १६० व्होल्टला तो निम्म्याहूनही कमी. म्हणून मोटर नुसती गुंगुं करते, फिरत नाही, आणि तापून शेवटी वाइंडिंग जळतं. सर्व्हो बसल्यापासून आमची मोटर संध्याकाळीही पहिल्या बटणाला उचलते. पंख्याचा वेग रात्रभर एकसारखा असतो. मोजमाप म्हणाल तर एवढंच, पण मला ते पुरतं.

आता त्याचा जाच. पेटी जड आणि महाग. ब्रश झिजतात, धूळ बसते, वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावी लागते. थ्री फेज जाऊन व्होल्टेज एकदम उसळलं की ते खाली आणायला सर्व्होला क्षणभर जास्त लागतो, म्हणून हाय-लो कट असलेलाच घ्या. आणि स्टॅबिलायझर वीज निर्माण करत नाही. १६० चे २३० करायचे तर तो लाइनीतून तेवढा जास्त करंट ओढतो. ५ केव्हीएचा पूर्ण भार २३० ला साधारण २२ अँपिअर, तर १६० ला ३१. मीटरपासूनची वायर आणि एमसीबी तो सोसणारी हवी, मंजूर भारही पाहून घ्यावा. शेजारीपाजारी सगळ्यांनीच असे स्टॅबिलायझर लावले तर टोकाचं व्होल्टेज आणखी बसतं, त्यामुळे डीपीवरचा भार कमी करून घेण्याचा पाठपुरावा सोडू नका.

शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल, भाड्याचं घर असेल, किंवा व्होल्टेज कधीतरीच हलत असेल तर सर्व्हो कदाचित जास्तीचा होईल. तिथे फ्रिजला एक डबा पुष्कळ. टीव्ही आणि एलईडी दिवे बऱ्याच मोठ्या पट्ट्यात चालतात. बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) पंखाही कमी व्होल्टेजला वेग टिकवतो, म्हणून फक्त पंख्याचीच तक्रार असेल तर पंखे बदलणं स्वस्त पडतं. इन्व्हर्टर एसी हळू उचलतो, त्यामुळे टकटकही कमी. पण ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं लिहिलेला एसी दिलेल्या पट्ट्याबाहेर गेला की बंदच पडतो, हे टोकाच्या घरानं लक्षात ठेवावं.

आमच्यासारखी वस्ती असेल, घर स्वतःचं असेल आणि मोटर, फ्रिज, एसी तिन्ही असतील, तर मी सर्व्होकडेच झुकेन. घेताना तांब्याचं वाइंडिंग मागा. इनपुटचा पट्टा तुमच्या सर्वांत वाईट संध्याकाळच्या व्होल्टेजपेक्षा थोडा खालून सुरू होणारा हवा. आणि पेटीशेजारी बायपासचा, म्हणजे पेटी वगळून थेट लाइनीवर घर जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय वायरमनला जाऊ देऊ नका. पेटी दुरुस्तीला गेली तर निदान घरात दिवे तरी लागतील.