आदिलशाही वाडा आणि काबो
जुन्या वास्तूचे सरकारी निवासस्थान कसे बनते, हे कोकण किनाऱ्यावर पाहायचे तर गोव्यातील दोन वास्तू समोर येतात. पणजीत मांडवीकाठचा वाडा मुळात विजापूरच्या आदिलशहाचा. पोर्तुगीजांनी तो घेतला, आणि जुने गोवे रोगराईने ओस पडू लागल्यावर १७५९ मध्ये व्हाइसरॉय तेथे राहायला आले, तर १८४३ मध्ये पणजीच राजधानी झाली. दोना पावलाजवळच्या भूशिरावरील काबो हा मात्र आधी फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचा मठ होता. गव्हर्नरांचा मुक्काम तेथे १९१८ मध्ये हलला. राज्यपाल आजही काबोतच राहतात, आणि समुद्राचा देखावाही तिथलाच सरस. तरीही दोहोंपैकी एक निवडायचे तर मी आदिलशाही वाडाच निवडेन, कारण सुलतान, व्हाइसरॉय आणि मुक्तीनंतर गोव्याची विधानसभा, असे तिघांचेही बिऱ्हाड त्याच भिंतींनी सांभाळले.